स्टेशनसमोर की अलकापुरीत?

बाबांचं सहस्रचंद्रदर्शन २०२५च्या जुलैत करायचं ठरलं, तेव्हा हॉल, गुरुजी आणि जेवण हे तिन्ही विषय एका संध्याकाळी निकालात निघाले. दांडिया बाजारातला हॉल ओळखीचा, गुरुजी घरचेच आणि जेवणाबद्दल बाबांची एकच अट, श्रीखंड विकतचं नको. राहिला पाहुण्यांच्या मुक्कामाचा प्रश्न. मी बडोद्यात आणि दादा पुण्यात, त्यामुळे तो कोणाच्या गळ्यात पडणार हे सांगायला नको.

पूर्वी घरच्या कार्याला तीस-तीस माणसं गच्चीत सतरंज्या टाकून झोपायची, हे बाबा अजून रंगवून सांगतात. ते घर गेलं. आता तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. येणाऱ्यांत नागपूरची आत्या, जिचे दोन्ही गुडघे बदललेले. मामेबहिणीचं रांगतं बाळ. दादाच्या लेकीचा नवरा अमेरिकन. सतरंज्यांचा काळ संपलाच म्हणायचा. आठ खोल्या हव्या होत्या आणि खोलीमागे अडीच-पावणेतीन हजारांपर्यंत जायची आमची तयारी होती.

आषाढ असल्यानं एक बरं होतं. चातुर्मास लागला की लग्नं थांबतात आणि हॉटेलवाले जरा माणसांत येतात. हेच कार्य नवरात्रात काढलं असतं, तर बडोद्यात या भावात पायरीसुद्धा मिळाली नसती. गरब्याच्या नऊ रात्री इथले दर कुठे जातात ते बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही.

या बजेटातली हॉटेलं रेल्वेरुळांच्या दोन्ही अंगांना आहेत. पूर्वेला सयाजीगंज: स्टेशनचं मुख्य तोंड, शेजारी एसटीचा डेपो, थोडं पुढे कमाटीबाग. पश्चिमेला अलकापुरी: दुकानं, बँका, दवाखाने आणि त्यातल्या त्यात रुंद रस्ते. चाळणी लावत लावत माझ्याकडे दोन हॉटेलं उरली. एक स्टेशनसमोर, चालत पाच मिनिटांवर. दुसरं अलकापुरीत, आतल्या गल्लीत. ॲपवर एकाला ४.१, दुसऱ्याला ४.०. फोटोत दोन्हीकडे तीच पांढरी चादर, तोच पायथ्याशी टाकलेला तपकिरी पट्टा आणि उशीवर टॉवेलचा हंस.

आकड्यांवरून काही ठरत नाही म्हटल्यावर मी सगळ्यात वाईट परीक्षणं आधी वाचली, तीही फक्त जून ते सप्टेंबरमधली. हिवाळ्यात राहून गेलेला माणूस खूशच असतो. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, गाद्यांना कुबट वास येतो, वीज जाते, टॉवेल वाळत नाहीत. स्टेशनसमोरच्या हॉटेलबद्दल तीन-चार जणांनी आवाजाची तक्रार केली होती आणि एकानं लिफ्टची. अलकापुरीबद्दल दोघांनी लिहिलं होतं की सकाळी पाणी कोमट येतं. एकानं तर नाश्त्याच्या पोह्यांवर परिच्छेद खर्ची घातला होता. तो मी सोडून दिला, कारण आमची मंडळी नाश्त्याला हॉटेलात थांबणारच नव्हती.

दादाचं मत फोनवरच तयार होतं. "स्टेशनसमोरचं घे. उतरले की शिरले. अलकापुरीत गेलं की ते गरनाळं आलंच."

गरनाळ्याचं त्याचं खरं होतं. स्टेशनपासून अलकापुरीत जाणारा रुळांखालचा रस्ता म्हणजे अलकापुरीचं गरनाळं. जोराचा पाऊस तासभर पडला की ते भरतं, मग बॅरिकेड लागतात आणि सगळी रहदारी जेतलपूरच्या पुलावरून वळसा घेते. बडोद्याच्या माणसाला पावसाळ्यात गरनाळं बंद म्हणजे बातमी वाटत नाही. पण दादा बडोदं सोडून गेला त्याला बरीच वर्षं झाली. स्टेशनला अलकापुरीच्या बाजूनंही बाहेर पडता येतं. पादचारी पुलावरून त्या अंगाला उतरलं की गरनाळ्याचा संबंधच उरत नाही. आणि आमचं कार्य स्टेशनवर नव्हतं, दांडिया बाजारात होतं. अलकापुरीतून अकोट्याला आलं की अकोटा-दांडिया बाजार पूल, ज्याच्या डोक्यावर सोलर पॅनेलचं छत आहे तो, थेट आमच्या भागात आणून सोडतो. उलट स्टेशनकडून यायचं तर काला घोड्यापाशी विश्वामित्री ओलांडून कोठी, रावपुरा असं गर्दीतून यावं लागतं.

विश्वामित्रीचं नाव घेतलं की २०२४चा ऑगस्ट आठवतो. धोक्याची पातळी २६ फूट, आणि त्या महिन्याच्या अखेरीस नदी ३५ फुटांच्या वर गेली. घराघरांत पाणी, रस्त्यावर मगरी आणि दिवसचे दिवस वीज नाही. त्यामुळे दोन्ही हॉटेलांत माझा पहिला प्रश्न खोलीबद्दल नव्हताच. जनरेटर कुठे ठेवलाय, हा होता.

प्रत्यक्ष जायच्या आधी फोन केले. ॲपवरचा नंबर लावला की कुठल्या तरी दूरच्या कॉल सेंटरात लागतो आणि तिथली मुलगी स्क्रीनवर आपल्याला दिसतं तेच आपल्याला वाचून दाखवते. हॉटेलच्या रिसेप्शनचा थेट नंबर मिळवायचा आणि विचारायचं, "ग्रुप आहे, आठ खोल्या, ईपीवर काय देता?" ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे नाश्त्यासकट. हे दोन शब्द टाकले की पलीकडचा माणूस सावरून बसतो. अलकापुरीवाल्यानं ॲपवर २,९५० दिसणारी खोली नाश्ता वगळून २,५००ला देऊ केली. ॲपचं कमिशन वाचतं, त्यातला थोडा वाटा आपल्याला मिळतो, एवढं साधं गणित. स्टेशनवाल्यानं २,२०० सांगितले. वर जीएसटी वेगळा. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला तेव्हा १२ टक्के होता, त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून तो ५ टक्के झाला. आमचं कार्य अडीच महिने आधी होऊन गेलं, काय करणार.

स्टेशनसमोरचं हॉटेल आधी पाहिलं. बाहेरून चकाचक. काचेचं दार, आत संगमरवरी दिसणारं काउंटर, भिंतीवर चार देशांची घड्याळं. पण दारापर्यंत जायला सहा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला, आणि लिफ्ट पहिल्या मजल्यापासून सुरू होणारी. म्हणजे आत्याला आधी सहा आणि मग अठरा पायऱ्या. मॅनेजर म्हणाला, "माणूस देईन, बेन, खुर्चीवर बसवून वर नेतील." आत्याला खुर्चीवर बसवून चार जणांनी उचललेलं मी क्षणभर डोळ्यांपुढे आणलं आणि विषय बदलला. गुडघे बदलल्यापासून ती कोणाचा हातसुद्धा धरत नाही.

खोली मात्र वाईट नव्हती. मी चादर कोपऱ्यातून उचलून गादीची शिवण पाहिली. ढेकूण असले तर शिवणीत काळे ठिपके दिसतात. तिथे काही नव्हतं. मॅनेजर अवघडून म्हणाला, "मॅडम, आपल्याकडे तसलं काही नाही." मी म्हटलं, "म्हणूनच बघून घेते." बाथरूममध्ये तीन लिटरचा इन्स्टंट गीझर, बादली, मग, सगळं जागच्या जागी. कमोड जरा बुटका. खिडकी उघडली आणि स्टेशनवरची घोषणा अशी आली की जणू बाई खोलीतच उभी राहून बोलतेय. खाली रिक्षावाल्यांची 'मांडवी, मांडवी' चालू होती. बाळ या खोलीत झोपणार कसं, हे मामेबहिणीनं मला नंतर विचारलं असतंच.

मग मी आगीच्या वेळचा जिना दाखवा म्हटलं. मे २०२४मध्ये राजकोटच्या गेम झोनला आग लागून २७ माणसं गेली. त्यानंतर गुजरातभर फायर एनओसीच्या तपासण्या झाल्या, कित्येक जागांना सील लागली. तेव्हापासून मी कुठेही गेले की हा जिना बघते. नवरा हसतो, हसू दे. इथे एनओसीची फ्रेम काउंटरमागे होती आणि तारीखही चालू होती. पण मागचा जिना उघडला तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गुंडाळलेल्या जादा गाद्या छातीइतक्या रचलेल्या. त्यांच्यावर एक मोडका टीपॉय आणि प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. मॅनेजर म्हणाला, "आजच उचलतो." मी हो म्हटलं. कुंडीवरची धूळ आजची नव्हती.

जनरेटर तळघरात. तळघराच्या भिंतीवर माझ्या कमरेच्या थोडं वर एक मळकट रेघ सरळ आडवी गेलेली होती, खालचा रंग वेगळा, वरचा वेगळा. कधीची, हे विचारावं लागलं नाही. "आता पंप बसवलाय," तो म्हणाला. पंप जनरेटरवर चालतो का, एवढंच मी विचारलं. तो हसला, मीही हसले.

अलकापुरीतलं हॉटेल बाहेरून कोणाच्या नजरेत भरावं असं नाही. खाली औषधाचं दुकान, बाजूनं गाडी आत जाते, आणि दाराशी पायरीऐवजी उतार. हा उतार बहुधा सामानाच्या ट्रॉलीसाठी केला असावा, पण आत्यालाही तो तेवढाच उपयोगी. लिफ्ट जमिनीपासून, जरा अरुंद. जनरेटर मागच्या बाजूला उंच ओट्यावर. लिफ्ट त्यावर चालते का विचारलं, तर मॅनेजरनं वॉचमनला सांगून मेन खाली पाडायला लावला. अर्धा मिनिट अंधार, मग घरघर, मग लिफ्टचा दिवा लागला. वरच्या मजल्यावर कोणीतरी ओरडलं. मला हा माणूस तिथेच आवडला.

खोल्या जुन्या. पडद्यांचा रंग उडालेला, एसी विंडोचा, आवाज करणारा. बाथरूमच्या दाराशी दीड-दोन इंचांचा उंबरा, पण कमोड उंच आणि शेजारी पकडायला दांडी. गरम पाणी गच्चीवरच्या सोलरचं. इथे परीक्षणांतलं ते कोमट पाणी आठवलं. जुलैत ऊन कुठलं? मॅनेजर म्हणाला, टाकीत हीटर आहे, तो सकाळी सातला लावतात. आमची पूजा सातला सुरू, म्हणजे साडेपाचपासून आंघोळी. मराठी घरातलं कार्य म्हटलं की एकाच वेळी बावीस माणसांना कढत पाणी लागतं, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलं नसावं. मी सांगितलं. "पाचला लावायला सांगतो," म्हणाला. मी वहीत लिहून घेतलं. त्यानं ते पाहिलं.

आता हिशेब. इथे खरी गंमत होती, कारण दोन्ही हॉटेलांचा दिवस वेगळा. स्टेशनवाल्याकडे "चेक-आउट चोवीस कलाकनुं छे", तर अलकापुरीत दुपारी बारा ते बारा. नागपूरची मंडळी शनिवारी पहाटे पाचच्या सुमाराला उतरणार आणि रविवारी रात्री दहाला निघणार, त्यांच्या तीन खोल्या. पुण्या-ठाण्याकडची शनिवारी संध्याकाळी येऊन रविवारी बाराच्या आत खोल्या सोडणार. बाबा-आई धरून त्यांच्या पाच खोल्या. चोवीस तासांच्या हिशेबानं नागपूरकरांचे दोन दिवस, बाकीच्यांचा एक. एकूण २४,२००. बारा ते बाराच्या हिशेबानं नागपूरकरांची पहाट म्हणजे आदल्या रात्रीचं भाडं, मग शनिवारची रात्र, मग रविवार दुपारनंतरचं पुन्हा एक. तीन दिवस लागले. एकूण ३५,०००, दोन्हीकडे कर वेगळा. खोलीमागे तीनशे रुपयांचा फरक म्हणून जो दिसत होता, तो एकदम दहा हजारांच्या वर गेला. पहाटे उतरणाऱ्यांसाठी हॉटेल बघताना दर नंतर विचारावा, घड्याळ आधी. स्टेशनजवळच्या हॉटेलांत चोवीस तासांची पद्धत उगाच नाही. त्यांचं निम्मं गिऱ्हाईक गाडीच्या वेळेवर जगतं.

दादा म्हणाला, "झालं की मग. स्टेशन."

होतही आलं होतं, पण दोन गोष्टी आडव्या आल्या. पहिली, दादाचा जावई. परदेशी पासपोर्टचा पाहुणा उतरला की हॉटेलला चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. त्यासाठी हॉटेलची नोंदणी लागते. स्टेशनवाल्यानं सरळ हात वर केले, फॉरेनर घेत नाही. अलकापुरीत शेजारच्या दवाखान्यांत उपचाराला परदेशातले गुजराती येतात, त्यामुळे ते रोजचंच. काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो आधीच व्हॉट्सॲपवर मागवून ठेवले.

दुसरी गोष्ट बाबांची. कार्याच्या आदल्या रात्री तीन जिने चढउतार नकोत, म्हणून आई-बाबांनाही हॉटेलात ठेवायचं आम्ही ठरवलं होतं. त्यांचं आधार कार्ड अर्थातच दांडिया बाजारच्या पत्त्याचं. स्टेशनवाला म्हणाला, "लोकल आयडी नहीं चाले." मी म्हटलं, अहो, ऐंशी वर्षांचे गृहस्थ आहेत, सोबत पंचाहत्तरीची बायको आहे, कसली भीती आहे तुम्हाला? "पॉलिसी छे, बेन." असा काही कायदा नाही. पाहुण्याचं ओळखपत्र घ्यायचं आणि इथे गुजरातेत त्याची माहिती पोलिसांच्या पथिक सॉफ्टवेअरमध्ये भरायची, एवढंच हॉटेलाचं काम. बाकी लोकल नको हा हॉटेलवाल्यांनी आपल्या सोयीनं ठोकलेला खिळा. त्यात जोडपी नकोत, पत्ते कुटणारी टोळकी नकोत, एवढाच हेतू. पण लटकतात त्याला आमचे बाबा. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "सयाजीरावांच्या गावात जन्मलो, आणि मला खोली द्यायला हा घाबरतो?" मग तो विनोद ते पुढे येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले.

अलकापुरीच्या मॅनेजरनं कारण विचारलं, मी आमंत्रणपत्रिका दाखवली. त्यानं ती वाचली आणि विचारलं, "सहस्रचंद्र म्हणजे हजार पौर्णिमा ना? आमच्याकडे पण काकांचं केलं होतं." नाव गुजराती, पण आजोळ रावपुऱ्यातलं निघालं. बडोद्यात हे असं होतं.

तरीही पैशांचा प्रश्न होता आणि ओळख निघाली म्हणून मी तो सोडणार नव्हते. त्याआधी एक गोष्ट करून घेतली. मैत्रिणीला पहाटेच्या गाडीला सोडायचं होतं, तेव्हा तिला सोडून दोन्ही हॉटेलांच्या दारात डोकावले. नागपूरकर ज्या वेळी उतरणार, त्याच वेळी. स्टेशनसमोर शटर अर्धं खाली. काउंटरमागे सतरंजीवर एक पोरगा उशाशी मोबाइल ठेवून गाढ झोपलेला. मी काचेवर टकटक केलं, तर उठून डोळे न उघडताच म्हणाला, "रूम नथी." मागे बोर्डावर चार किल्ल्या लोंबत होत्या. दिवसा तोच मॅनेजर, तीच चार देशांची घड्याळं, सगळं झकास. पण आत्या दिवसा येणार नव्हती. अलकापुरीत वॉचमन खुर्चीवर पेंगत होता, हे खरं. पण त्यानं गाडीचा आवाज ऐकून फाटक उघडलं आणि वही पुढे करून विचारलं, "कोणाच्या नावानं बुकिंग?" वही उघडी होती आणि तिच्यात त्या पहाटेच्या पाहुण्यांची नावं खरंच लिहिलेली होती.

त्यानंतर मी अलकापुरीवाल्याशी घासाघीस केली, तीही शांतपणे, चहा घेत. माझं म्हणणं एवढंच होतं: खोल्या तशाही आषाढात रिकाम्या आहेत. आदल्या दुपारपासून पहाटे पाचपर्यंत त्या खोल्यांत कोणी झोपलेलं नसेल, तर त्यांचं पूर्ण भाडं कशाचं? तो म्हणाला, साफसफाई, एसी, चादरी. मी म्हटलं, म्हणून अर्धं घ्या. रविवारच्या दुपारनंतरचंही तसंच. तो मालकाला फोन लावायला बाहेर गेला. परत आला तो हो घेऊनच. तीन दिवसांचे दोन झाले, आणि ३५,०००चे २७,५००. स्टेशनपेक्षा तीन-साडेतीन हजार जास्त, कर धरून आणखी थोडे. दादाला म्हटलं, हे उतार, लिफ्ट आणि तुझ्या जावयाचे. त्यानं "बरं" म्हटलं, म्हणजे मान्य.

मग सगळं मेलवर मागितलं. तोंडी बोलणं काउंटरवरची पाळी बदलली की संपतं. दुपारचा मुलगा हो म्हणतो, रात्रीचा म्हणतो मला काही सांगितलेलं नाही. मेलमध्ये काय काय हवं ते मीच लिहून दिलं. तीन खोल्या पहाटे पाचला तयार, अर्ध्या भाड्यात. रविवारी रात्री नऊपर्यंत त्या ताब्यात. टाकीचा हीटर पाचला. आत्याला पहिल्या मजल्यावरची, लिफ्टजवळची खोली. बाळाच्या गादीचे पैसे नाहीत. दोन खोल्या तीन दिवस आधीपर्यंत रद्द केल्या तर आगाऊ रकमेतून कापणार नाही. मॅनेजरनं तेच शब्द आपल्या लेटरहेडवर चिकटवून पाठवले, शुद्धलेखनासकट.

मधल्या काळात ठाण्याच्या भाऊजींचा फोन आला. घसा साफ करून त्यांनी विचारलंच, "गुजरातेत बाहेरच्यांना परमिट मिळतं म्हणे?" मिळतं, पण ज्या हॉटेलात परवान्याचं दारूचं दुकान असतं तिथे, आणि आपण निवडलेल्यात ते नाही, असं सांगितलं. सहस्रचंद्राला येताय, आठवण असू द्या, हे मनात म्हटलं.

शनिवारी पहाटे पाऊस लागलाच. गरनाळं भरलं. पण नागपूरकरांना मी आदल्या दिवशी चार वेळा बजावलं होतं की गर्दीबरोबर सयाजीगंजकडे जाऊ नका, पुलावरून अलकापुरीच्या अंगाला उतरा. आत्या पादचारी पुलाच्या लिफ्टपर्यंत पोचली, तिथून रिक्षा, आणि सव्वापाचला मला तिचा खोलीतून फोन: "पोचलो गं. दांडी चांगली मजबूत आहे." बाथरूममधली दांडी. तिनं आधी तीच बघितली होती.

रविवारच्या पाण्यात मात्र गडबड झाली. हीटर पाचला लागला खरा, पण टाकी मोठी आणि पाणी थंडगार, त्यामुळे पहिल्या चार-पाच आंघोळी कोमटच झाल्या. सहानंतर कढत पाणी आलं. पहिल्या नंबरावर अर्थातच भाऊजी होते. बाकी कोणी तक्रार केली नाही. दादाचा जावई तर गार पाण्यानंच न्हायला आणि सोवळं नेसून सगळ्यांच्या आधी खाली हजर. सोवळं त्याला मॅनेजरनं नेसवून दिलं, हे मला दुपारी कळलं.

मुलांनी मधल्या वेळात कमाटीबागेतलं १८९४चं म्युझियम गाठलं, बायकांनी रावपुऱ्यात पेढे आणि लीलो चेवडा घेतला, आणि सेव-उसळ खाल्ल्याशिवाय नागपूरकर हलायला तयार नव्हते. त्यांना म्हणे ती तिखट वाटली नाही.

रात्री बिल द्यायला मी स्वतः गेले. काउंटरवर तिसराच मुलगा, नवीन. बिलात बाळाच्या गादीचे ६०० आणि खाली पाच टक्के सर्व्हिस चार्ज. गादीसाठी मेल दाखवली, त्यानं ती लगेच खोडली. सर्व्हिस चार्जवर तो अडला, "सिस्टिममधून येतं." केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२मध्येच सांगितलंय की हॉटेलांनी तो बिलात आपोआप घालायचा नाही. दिल्ली हायकोर्टानं मार्च २०२५मध्ये त्या सूचना उचलूनही धरल्या. हे मी त्याला सांगितलं, आवाज न चढवता. त्यानं मॅनेजरला फोन केला, दोन वाक्यं ऐकली आणि नवीन बिल काढलं. वाचलेल्या पैशांतले पाचशे मी वॉचमनला दिले आणि तेवढेच हीटर लावणाऱ्या पोराला, कोमट पाण्यासकट.

आता डिसेंबरात पुतण्याचं लग्न आहे, तेही बडोद्यातच. त्याच हॉटेलला फोन केला. तोच मॅनेजर, ओळख लगेच पटली, बाबांची चौकशी केली, आणि त्याच खोलीचा ईपी दर ३,९०० सांगितला. लग्नसराई आहे, म्हणाला. कर ५ टक्के झालाय ना, मी म्हटलं. तो म्हणाला, "ते सरकारनं कमी केलं, मॅडम, मी कुठे?" पहाटेच्या अर्ध्या भाड्याचं त्यानं अजून मान्य केलेलं नाही. मेलचा मसुदा मी पाठवून ठेवला आहे.